शंभर पाटलांतले आपण

जळगावातल्या किंवा धुळ्यातल्या कुठल्याही महाविद्यालयाचं हजेरीपत्रक उघडा. पाटील, महाजन, चौधरी, सोनवणे, कोळी, बडगुजर, पुन्हा पाटील. एका वर्गात दोन राहुल पाटील निघाले, तर सर वडिलांच्या नावाने हाक मारतात. गावात तेवढंही लागत नाही. कुठल्या गल्लीतला, कुणाचा नातू, एवढ्यावर माणूस ओळखू येतो आणि त्याच्याबरोबर घरची पत, मुलाची वागणूक, कामाचा उरक हेही कळतं. नोकरीसाठी जळगाव स्टेशनावर महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये चढणारा मुलगा ही सगळी माहिती मागे ठेवून निघतो. पुण्यात ज्याच्या हाती त्याचा रेझ्युमे पडतो, त्याला हा कुणाचा नातू हे ठाऊक नसतं. तो नाव शोधून बघतो, आणि समोर राहुल पाटलांची रांग लागते. त्यात जिम ट्रेनर असतो, नगरसेवक असतो, वधू-वर सूचीतला उमेदवार असतो. आपला राहुल मात्र त्यात कुठेच नसतो.

ऑनलाइन प्रतिमेबद्दलचे बहुतेक सल्ले ‘काय पुसून टाका’ इथे सुरू होतात आणि तिथेच संपतात. खानदेशातल्या नव्या पदवीधराची अडचण बहुधा उलटी असते. त्याच्याबद्दल वाईट असं काही सापडत नाही, पण त्याच्या कामाबद्दलही काहीच सापडत नाही. फोन दिवसभर हातात असतो, स्टेटस रोज बदलतं, पण तीन-चार वर्षं शिकून काय केलं याची एक ओळ कुठे नसते. पुसण्याचं काम एका रविवारी होतं. मांडण्याला महिने लागतात, म्हणून ते शेवटच्या सेमिस्टरच्या आधी सुरू झालेलं बरं.

सुरुवात नावापासून. आपल्याकडे चौधरी हे एकच आडनाव रोमन अक्षरांत चार-पाच तऱ्हांनी लिहिलं जातं. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक, आधारवर दुसरी, ईमेलमध्ये तिसरी. रुजू होताना कंपनी कागदपत्रं पडताळते तेव्हा हा घोळ अंगाशी येतोच. त्याआधी तो शोधात आडवा येतो. गुणपत्रिकेवरचं स्पेलिंग प्रमाण माना आणि लिंक्डइन, नोकरी डॉट कॉम, ईमेल, रेझ्युमे सगळीकडे तेच ठेवा. वडिलांचं नाव मध्ये घालून तिन्ही नावं लिहा. पुण्या-मुंबईच्या मुलांना दोन नावं पुरतात. पाटील आणि महाजनांना पुरत नाहीत. लिंक्डइन खातं उघडल्यावर पत्त्याच्या शेवटी आकड्यांचं शेपूट येतं, ते काढून तिथे आपलं पूर्ण नाव टाकता येतं. त्याला पैसे पडत नाहीत.

शिक्षणसंस्थेच्या नावातही आपल्याकडे एक गुंता आहे. १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झालेलं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं. जुने विद्यार्थी अजून जुनं नाव लावतात, त्यामुळे माजी विद्यार्थी शोधताना दोन्ही नावांनी शोधावं लागतं. शिवाय इथली काही अभियांत्रिकी महाविद्यालयं आता लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्न आहेत. जळगावचा मुलगा आणि पदवी रायगड जिल्ह्यातल्या विद्यापीठाची, हे वाचणाऱ्याला कोड्यात टाकतं. महाविद्यालयाचं नाव आणि गाव आधी लिहा, विद्यापीठ नंतर.

तुम्हाला शोधणारा माणूस कोण, यावर पुढचं सगळं ठरतं. जळगाव एमआयडीसीतल्या चटई कारखान्याचा किंवा डाळ मिलचा मालक लिंक्डइन उघडत नाही. त्याला कुणाकडून तरी तुमचा नंबर मिळतो आणि तो फोन लावतो. त्याच्या लेखी तुमची ऑनलाइन ओळख म्हणजे ट्रूकॉलरवर उमटलेलं नाव आणि व्हॉट्सअॅपचा डीपी. ट्रूकॉलरवर स्वतःची नोंद केली नसेल, तर लोकांनी तुमचा नंबर ज्या नावाने सेव्ह केलाय त्यातलंच एखादं नाव समोरच्याला दिसतं. मित्रांनी ‘भावड्या डॉन’ लिहिलं असेल, तर मालकाला भावड्या डॉनचा फोन येतो. अॅपमध्ये जाऊन नाव दुरुस्त करायला पाच मिनिटं लागतात. अवधान एमआयडीसी असो की भुसावळचा ठेकेदार, इथल्या कितीतरी नोकऱ्या या एका फोनवरच ठरतात, म्हणून हे काम लिंक्डइनच्याही आधी करा.

सरकारी भरतीचं गणित वेगळं आहे, आणि आपल्याकडे घरोघरी कुणीतरी पोलीस भरती, रेल्वे किंवा स्पर्धा परीक्षेच्या तयारीत असतो, म्हणून त्यावर जरा थांबतो. तिथे तुमचे फॉलोअर्स कुणी मोजत नाही. निवड झाल्यावर चारित्र्य पडताळणी होते, आणि त्यात तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का, हा प्रश्न लेखी विचारला जातो. इन्स्टाग्रामवरची पोस्ट इथे येऊन भिडते ती पोलीस ठाण्याच्या वाटेने. भर चौकात तलवारीने केक कापायचा, त्याचं रील टाकायचं, मागे ‘भाईचा बड्डे’चं गाणं. महाराष्ट्रात अशा कितीतरी व्हिडिओंवरून १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली गुन्हे दाखल झाले आहेत. व्हिडिओ टाकणाऱ्याने पुरावा स्वतःच तयार करून दिलेला असतो. दोन समाजांत तेढ वाढवणाऱ्या स्टेटसचंही तेच. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात स्टेटसवरून वातावरण किती पेटलं ते राज्याने पाहिलं. ज्यांची नावं अशा प्रकरणांत येतात ती बहुतेक विशी-बाविशीतली मुलं असतात, आणि पुढे भरतीच्या वेळी त्यांच्या आयांना तालुक्याच्या ठाण्यात खेटे घालावे लागतात. हे थांबायला हवं असं मला मनापासून वाटतं.

गुन्हा दाखल झालाच असेल तर तो लपवू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात यावर तपशीलवार निकाल दिला. किरकोळ स्वरूपाचं, तरुण वयातलं प्रकरण असेल तर नेमणूक देणारं खातं त्याकडे दुर्लक्ष करू शकतं. पण साक्षांकन नमुन्यात जाणूनबुजून खोटी माहिती दिली, तर ते स्वतंत्र कारण होऊन नोकरी जाऊ शकते. सरकारी नोकरी लागल्यावरही विषय संपत नाही. जुलै २०२५ मध्ये राज्य शासनाने कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापरासाठी सूचना काढल्या. वैयक्तिक आणि कार्यालयीन खातं वेगळं ठेवावं, शासनाच्या धोरणांवर प्रतिकूल टीका करू नये, असं त्यांत आहे.

याचा अर्थ तोंडाला कुलूप लावून बसा, असा नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली. एकीने मुंबई बंदबद्दल लिहिलं होतं आणि दुसरीने त्याला लाइक केलं होतं. पुढे मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यावर लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ए हे कलमच रद्द केलं. त्या मुलींचं काही चुकलं नव्हतं, हे देशाने मान्य केलं. तरी त्यांची नावं आजही शोधली की अटकेच्या बातम्या वर येतात. मत मांडायचा हक्क तुमचा आहे. मत शांत शब्दांत, स्वतःच्या नावाने आणि दुसऱ्या दिवशी वाचूनही पटेल असं लिहिलेलं असेल, तर ते ठेवावं. ते वाचून नोकरी नाकारणाऱ्या मालकाकडे तुम्ही फार दिवस टिकलाही नसतात.

पुसायचं ते झटपट पुसून घ्या. स्वतःचं नाव गुगलवर शोधताना लॉगइन न करता शोधा, नाहीतर तुम्हाला तुमच्याच सोयीचे निकाल दिसतील. फेसबुकवर जुन्या सगळ्या पोस्ट एका झटक्यात ‘फक्त मित्रांसाठी’ करायची सोय आहे. इन्स्टाग्रामवर पोस्ट डिलीट न करता अर्काइव्ह करता येते. एक गोष्ट मात्र बऱ्याच मुलांच्या लक्षात आलेली नाही. व्ह्यूज मोजता यावेत म्हणून त्यांनी खातं ‘प्रोफेशनल’ केलेलं असतं. १० जुलै २०२५ पासून अशा सार्वजनिक खात्यांवरचे फोटो-व्हिडिओ गुगलच्या शोधातही येऊ शकतात. सेटिंग्जमध्ये ते बंद करता येतं. जुनं पान काढून टाकल्यावरही गुगलवर त्याची सावली काही दिवस राहते. जुना मजकूर ताजा करून घ्यायची विनंती गुगलकडेच करता येते.

अहिराणी रील मात्र पुसू नका. मुलाखतीआधी घाबरून अहिराणी गाण्यांवरचे, गावच्या यात्रेचे, कानबाईच्या उत्सवाचे व्हिडिओ काढून टाकणारी मुलं आहेत. कुणीतरी त्यांना सांगितलेलं असतं की ‘गावठी’ दिसू नका. हा सल्ला मला मान्य नाही. अहिराणी व्हिडिओंना लाखोंनी प्रेक्षक आहेत. ज्याने असा व्हिडिओ लिहिला, आवाज नीट घेतला, कापून-जोडून वेळेत चढवला, त्याला एक कसब येतं आणि आज त्याला बाजार आहे. खेड्यापाड्यांत माल विकणाऱ्या बियाणं, ठिबक, ट्रॅक्टर, बँक अशा सगळ्यांना शेतकऱ्याशी त्याच्या बोलीत बोलणारा माणूस लागतो. लिंक्डइनवर भाषांच्या रकान्यात मराठी, हिंदी, इंग्रजीबरोबर अहिराणी लिहा. तावडी, लेवा गणबोली बोलत असाल तर तीही लिहा.

आता मांडण्याकडे वळतो. लिंक्डइन ५ मे २००३ रोजी सुरू झालं, २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते २६.२ अब्ज डॉलरला विकत घ्यायचं ठरवलं, आणि आज नव्या पदवीधराला न घाबरता पाऊल ठेवावं लागतं अशी ती पहिली जागा झाली आहे. नावाखाली २२० अक्षरांची एक ओळ असते. बहुतेक मुलं तिथे ‘मेहनती आणि जिद्दी फ्रेशर, संधीच्या शोधात’ अशा अर्थाचं काहीतरी टाकतात. ही ओळ लाखो जणांच्या नावाखाली आहे, आणि तिच्यात शोधण्याजोगा एकही शब्द नाही. रिक्रूटर ‘जिद्दी’ असं टाइप करून माणूस शोधत नाही. तो ‘एम्बेडेड सी’, ‘टॅली’, ‘जीएसटी’, ‘टिश्यू कल्चर’ असं टाइप करतो.

समजा, रावेर तालुक्यातला एक मुलगा ईअँडटीसी शिकला आणि शेवटच्या वर्षाला त्याने ठिबकचे व्हॉल्व्ह मोबाइलवरून चालू-बंद करणारं यंत्र केलं. रेझ्युमेवर तो लिहितो, ‘स्मार्ट इरिगेशन सिस्टिम’. हे नाव देशभरातल्या हजारो प्रकल्पांना आहे. त्याला विचारलं की हे का केलंस, तर खरी गोष्ट बाहेर येते. शेतीपंपाची वीज पाळीने येते आणि रात्रीच्या पाळीला वडील उठून केळीच्या बागेत व्हॉल्व्ह फिरवायला जायचे. सेन्सर कुठले लावलेस विचारलं, तर कळतं की आधी स्वस्तातले, दोन उघड्या पट्ट्यांचे लावले होते. ओल्या मातीत सतत वीजप्रवाह राहिल्याने त्या पट्ट्या गंजल्या आणि आकडे भरकटायला लागले. मग त्याने कपॅसिटिव्ह सेन्सर घेतले आणि सतत मोजायच्या ऐवजी ठरावीक वेळाने मोजायचं ठरवलं. नोकरी देणाऱ्याला हेच ऐकायचं असतं, आणि नेमकं हेच कागदावर नसतं. अडचण काय होती, आधी काय केलं, ते का फसलं, मग काय बदललं, एवढ्या सात-आठ ओळी, यंत्राचा शेतातला एक फोटो आणि गिटहबवर प्रोग्रॅम. गंजलेल्या पट्टीचा फोटो असेल तर तो आधी लावा. असा फोटो दुकानातून आणलेल्या प्रकल्पात नसतो.

हो, प्रकल्प विकत मिळतात हे सगळ्यांना माहीत आहे, नोकरी देणाऱ्यांनाही. गिटहबवर प्रत्येक बदल तारखेसकट नोंदला जातो. सगळा प्रोग्रॅम सबमिशनच्या आदल्या रात्री एका दमात चढवला असेल तर तेही दिसतं. दर आठवड्याला थोडं थोडं चढवलेलं, चुकलेलं, दुरुस्त केलेलं काम दिसलं की बघणाऱ्याचा विश्वास बसतो. म्हणून तिसऱ्या वर्षापासूनच तिथे काम ठेवत चला, अपुरं असलं तरी.

कॉमर्सच्या मुलींना वाटतं, आपल्याकडे दाखवण्यासारखं काही नाही. धुळ्यात सीएच्या ऑफिसात सहा महिने बसून जिने खरेदीच्या नोंदी जीएसटीआर-२बीशी जुळवल्या, न जुळणाऱ्या बिलांसाठी व्यापाऱ्यांना फोन केले, जीएसटीआर-३बी भरायच्या तारखेला रात्रीपर्यंत थांबली, तिच्याकडे भरपूर आहे. तिने कामाचं स्वरूप लिहावं: कुठलं रिटर्न, कुठलं सॉफ्टवेअर, कुठल्या चुका वारंवार सापडायच्या. व्यापाऱ्याचं नाव आणि उलाढालीचा आकडा मात्र कुठेही टाकू नये. एक्सेलचा स्क्रीनशॉट टाकताना तर हमखास नाव राहून जातं. दुसऱ्याची माहिती सांभाळता येते, हे हिशेबाच्या नोकरीत पहिल्यांदा बघितलं जातं.

मराठी किंवा इतिहास घेऊन बी.ए. झालेल्यांना मी मराठी विकिपीडियाची वाट सुचवेन. १ मे २००३ पासून तो चालू आहे आणि तिथे सदस्यनावाने केलेलं प्रत्येक संपादन कायम नोंदलेलं राहतं. आपल्या तालुक्यावरचा, किल्ल्यावरचा, नदीवरचा तोकडा लेख संदर्भांसह नीट केला, तर माहिती शोधणं, पारखणं, सुबक लिहिणं या तिन्ही गोष्टी कुणालाही तपासता येतील अशा जागी राहतात. धुळ्याच्या मुलाच्या हाताशी १९२७ पासूनचं राजवाडे संशोधन मंडळ आहे. त्या शहरात राहून कागदपत्रांवरचं काम दाखवता येत नाही, असं म्हणायला जागा नाही.

इंग्रजीची भीती मोठी असते. तिच्यापायी मुलं अख्खा परिचय एआयकडून लिहून घेतात, आणि तो वाचून सगळे एकाच आईची लेकरं वाटतात. छोटी वाक्यं, भूतकाळ, तांत्रिक शब्दांचं अचूक स्पेलिंग, एवढं पुरतं. एआयकडून व्याकरण तपासून घ्या; पण मुलाखतीत जे वाक्य तुमच्या तोंडून येणार नाही, ते प्रोफाइलवर ठेवू नका. करोनाकाळात जमवलेल्या वेबिनारच्या प्रमाणपत्रांची माळ काढून टाका. एनपीटीईएलचा एखादा कोर्स प्रत्यक्ष केंद्रावर परीक्षा देऊन पास केला असेल, तर तो एकटा त्या सगळ्यांना भारी आहे. फोटो दिवसाच्या उजेडात, साध्या भिंतीपुढे, गॉगल न लावता. नोकरी डॉट कॉमवरचं खातं दर आठवड्याला उघडून काहीतरी ताजं करा, कारण तिथे रिक्रूटर अलीकडे सक्रिय असलेल्यांचीच यादी काढू शकतो.

दिसायला लागलात की चोरांनाही दिसता. आपल्याकडे रेझ्युमे आणि लग्नाचा बायोडेटा यांत फार फरक राहत नाही: जन्मतारीख, घरचा पूर्ण पत्ता, जात, वडिलांचा धंदा, कधी आधार क्रमांकसुद्धा. एवढं सगळं पोर्टलवर उघडं टाकायची गरज नाही. शहर, फोन, ईमेल बस. आधार मागितलंच तर मुलाखत होऊन निवड झाल्यावर, आणि तेही शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार. नोंदणीचे, गणवेशाचे, लॅपटॉपच्या डिपॉझिटचे म्हणून कुणी आधी पैसे मागत असेल तर ती नोकरी नाही. टेलिग्रामवर व्हिडिओ लाइक करण्याचे पैसे देणाराही आधी शंभर-दोनशे देतो आणि नंतर हजारो काढून घेतो. थायलंडमध्ये डेटा एंट्रीचं काम म्हणून नेलेल्या तरुणांना म्यानमारच्या सरहद्दीवर कोंडून त्यांच्याकडून सायबर फसवणूक करून घेतली जात होती. मार्च २०२५ मध्ये त्यातल्या पाचशेहून अधिक भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावं लागलं. पैसे गेले असतील तर लाज न बाळगता लगेच १९३० वर फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम बँकेतच गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते.

सगळं मांडून झालं की वाट बघत बसू नका, माणसं शोधा. लिंक्डइनवर तुमच्या महाविद्यालयाच्या पानावर माजी विद्यार्थ्यांचा विभाग असतो. तिथे गाव, कंपनी, काम यांनुसार चाळून बघता येतं. विप्रोचा जन्म अमळनेरचा, १९४५ मध्ये वनस्पती तुपाच्या कारखान्यातून झालेला. आणि आज अमळनेरच्या प्रताप कॉलेजचा पदवीधर तिथे अर्ज करतो तो वेबसाइटवरच्या फॉर्ममधून, अनोळखी म्हणून. त्या फॉर्मच्या पलीकडे आपल्याच भागातलं कुणीतरी बसलेलं असू शकतं. चाळणी लावून पुण्यात, तुम्हाला हव्या त्या कामात असलेले दहा जण काढा. फुकट खात्यावर महिन्याला मोजक्याच आमंत्रणांबरोबर मजकूर जोडता येतो, म्हणून माणसं विचारपूर्वक निवडा. ‘सर, काही जॉब असेल तर सांगा, कृपया रेफर करा’ असं लिहू नका. असे निरोप त्यांना रोज येतात आणि काय उत्तर द्यावं हे त्यांनाही सुचत नाही. असं लिहा: ‘सर, मी आपल्याच कॉलेजचा, २०२५ चा. ठिबकच्या व्हॉल्व्हवर काम केलंय, खाली लिंक आहे. आपण एम्बेडेडमध्ये आहात. बॅटरी जास्त दिवस टिकवण्यासाठी मी बोर्डाला स्लीप मोडमध्ये ठेवतो, पण जाग आल्यावर नेटवर्क मिळायला वेळ लागतो. यावर काय वाचू?’ अशा प्रश्नाचं उत्तर देणं सोपं असतं, आणि उत्तर देण्याआधी तो माणूस लिंक उघडून बघतोच.

दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदाच, दोन ओळींत आठवण करा. मग सोडून द्या आणि यादीतलं पुढचं नाव घ्या. उत्तर आलं, तर सांगितलेलं वाचा, करून बघा, आणि महिनाभराने काय झालं ते त्यांना कळवा. जागा निघाल्याचं पहिल्यांदा टीमच्या आतल्या माणसांना कळतं, आणि त्या वेळी त्यांना आठवतो तो परत येऊन निकाल सांगणारा मुलगा.